चालत्या गाडीचं दार

अंबिका,

प्रांजली बरी हाय, आधी हे वाच. ती शेजारी नसीमबाजींकडं खेळती हाय. गाडीचं मागचं दार आतून उघडू नाय असं लॉक असतंय म्हणं, ते लावून घ्यायला मी अन् खंडू गॅरेजला चाललोत. भाकरी टोपल्यात हाय. कंपनीतून दमून येशील, जेवून घे.

आज पाचोडहून येताना पोरीनं दाराचं हँडल ओढलं. गाडी पळत व्हती अन् दार सताड उघडलं. ती बाहेर झुकली. तुझ्या धाकानं खंडूनं लेकीला तिच्या गाडीतल्या छोट्या खुर्चीच्या पट्ट्यात बांधलं व्हतं, म्हणून राहिली.

मी रोज सासूच्या तोऱ्यात तुला बोलायची, लेकराला दावणीला बांधल्यागत कशाला बांधती? आजबी ती रडत व्हती, "आज्जी, सोड ना." मला दया आली. मी पट्टा सोडायला गेले, पण मला तो खटका दाबता येईना. तेवढ्यात दार उघडलं.

हे खंडूला सांगायची छाती झाली नाय. तुला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. उद्या मला पट्टा लावायचा कसा तेवढं शिकव. सोडायचा कसा ते दावू नको.

आत्या