वैदेहीची ओटी

४ ऑगस्ट, सोमवार
सोलापुरात दाखल झालो. संस्कृत साहित्यशास्त्रात एम. ए. केलेल्या माणसाला दैनिकात बाजारभाव आणि पाणीटंचाई लिहायला बसवतात, ही आपल्याकडची रसदृष्टी. जुळे सोलापूर भागात वरची खोली मिळाली. मालकीणबाई दाक्षायणीकाकूंनी पहिल्याच ताटात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही वाढलं आणि विचारलं, लग्न का केलं नाही ओ? मी म्हणालो, चटणी फार छान आहे. त्यांचा मुलगा शिवशरण ट्रकना, शाळेच्या दप्तरांना लोकेशन दाखवणारी यंत्रं बसवून देतो. जिन्यात, फाटकावर, थेट माझ्या दारासमोर कॅमेरे. म्हणाला, काका, तुमच्याच सेफ्टीसाठी की ओ. मी त्याला सहस्राक्ष इंद्र म्हटलं. तो खूश झाला. ते हजार डोळे इंद्राला शापात मिळाले, हे पहिल्याच दिवशी कशाला सांगा.

८ ऑगस्ट, शुक्रवार
पाळतीवर माझा लेख छापून आला. संपादक म्हणाले, हलकंफुलकं लिहिता, बरं असतं. संध्याकाळी शिवशरणनं हसत हसत विचारलं, काल तलावाकाठी बेचाळीस मिनिटं काय करत होता काका? वायफाय लावून देताना त्यानं माझ्या फोनमध्ये काहीतरी घातलं असणार. मीही हसलो. जरा उशिरा.

११ ऑगस्ट, सोमवार
कार्यालयात एका बाईचा फोन आला. नाव वैदेही. लेख आवडला, त्यातला कॅमेऱ्यांचा जिना ओळखला, म्हणाली. मग म्हणाली, मी शिवशरणची बायको. या घरात बायको होती हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ती माढ्याला एका बालवाडीच्या मागच्या खोलीत राहते, चार महिने झाले. शाळेतून घरी यायला सात मिनिटं उशीर झाला की फोनवरचा ठिपका दाखवून तो मारायचा. एकदा देवळाच्या गल्लीतून आली म्हणून त्यानं दोन बोटं दारात घालून दार लावलं. आता नोकरी मिळतेय, पण डी. एड.चं प्रमाणपत्र घरातच राहिलंय. काकूंकडून गुपचूप आणाल का? आणि माढा हे नाव कुणाला सांगू नका. ते शिवशरणला कळलं तर मी उरत नाही, असं ती अगदी साध्या आवाजात म्हणाली.

१४ ऑगस्ट, गुरुवार
काकूंना विचारलं. रडल्या. कुठं हाय म्हणून विचारत नाही, म्हणाल्या, पण उद्या श्रावणातला शुक्रवार, सुनेची ओटी रिकामी कशी ठेवू? प्रमाणपत्रासोबत खणात गच्च बांधलेली ओटी दिली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. मुलाला कळू देणार नाही म्हणाल्या.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
माझा चाणाक्षपणा लिहून ठेवण्याजोगा आहे. फोन खोलीतच चार्जिंगला लावला. मोहोळला एसटी बदलली. प्रमाणपत्राचा लिफाफा उघडून कोपरान् कोपरा तपासला. ओटीत मात्र हात घातला नाही. सवाष्णीची ओटी, पुरुषानं काय उचकायची! वैदेहीनं आधी नको म्हटलं. मग पदर पुढं केला. सासूच्या ओटीला नाही म्हणता येत नाही ओ, म्हणाली. तिची दोन बोटं वळत नाहीत. ओटी तशीच देवापुढं ठेवली. शेजारच्या म्हाळसाबाईंनी मला दोनदा चहा पाजला आणि विचारलं, तुमी तिचे कोण? मी म्हटलं, पोस्टमन. लई हसल्या.

१६ ऑगस्ट, शनिवार
दुपारी बाराला शिवशरण माढ्यात पोचला. कोयता घेऊन. पोरं खिचडी खात होती. वैदेहीचा डावा हात मनगटातून गेला. दुसरा वार कानाच्या वर. तिसऱ्याच्या आत म्हाळसाबाईंनी मुसळ घातलं, म्हणून ती जिवंत. तो पळाला. सापडलेला नाही. माझ्याच टेबलावर बातमी आली. संपादक चार ओळींत बसवा म्हणाले. बसवली.
त्याला कसं कळलं? मी कुणालाही सांगितलं नाही. कुणालाही.

१७ ऑगस्ट, रविवार
पोलिसांनी तिला सोलापुरात आणलंय. होटगी रोडचा छोटा दवाखाना, दुसरं नाव, गाडीला भोंगा नाही. दाराशी एक महिला शिपाई. मी सकाळपासून इथंच. म्हाळसाबाई तिचं गाठोडं घेऊन आल्या. ओटी टाकू न्हाई, बाईच्या उशाशी ऱ्हाऊ दे, म्हणाल्या आणि ठेवली. खणावर रक्त वाळलंय.

१ वाजून २० — कार्यालयानं दिलेल्या मोबाईलवर त्याचा आवाज. काका, हितं तीन मजले हायत. ती कुटल्यावर?

त्याला ठिकाण माहीत आहे. मजला नाही.
उशाशी बघितलं. गाठ दातांनी सोडली. तांदळात बटणाएवढी पांढरी चकती, तो दप्तरांना लावतो तसलं लोकेशनचं यंत्र. काकूंनी घातली की त्यानं — विचारायला वेळ नाही. मीच पोचवली. दोन्ही वेळा माझ्यामुळंच —

शिपाईबाईंना सांगितलं. आतून कडी लावा. त्यांनी ठाण्याला फोन केला. अर्धा तास लागेल म्हणाले. अर्धा तास.
चकती परत तांदळात. ओटी मी घेतली. मागचा जिना.

१.४० — रिक्षात. फोन वाजतोय. सांगितलं, तिला घेऊन निघालोय. तो म्हणाला, पळवताय कुटं काका, दिसताय की मला.
दिसू दे.

१.५५ — डांबर संपलं. रिक्षावाल्याला परत पाठवला. माळ. एक बाभळ. ओटी कमरेला बांधली. 

मोटारसायकल. एकटाच. कोयता हँडलला अडकवलेला.
गाडी आडवी पडू दिली. चालत येतोय. ओरडतोय, ती कुठं हाय, काका, ती कुठं —

त्याच्या पाठीमागं, लांब, दवाखान्याची पाण्याची टाकी दिसते. त्यानं वळून बघू नये. पोलीस तिथं पोचायला अजून दहा मिनिटं. मी हात वर करून त्याला इकडं