दोन मापांत निकाल

३ ऑगस्ट

चि. टिल्लूस अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. मी बरी आहे. म्हणजे नाही. अंथरुणातून उठवतच नाही. या मनोरुग्णांच्या वॉर्डात दाखल करताना सिस्टरने माझी कात्री काढून घेतली आणि कपाटात कुलूपबंद केली. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, पण कात्री गेल्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही.

तुझी मावशी

९ ऑगस्ट

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रात मला एकही टोमणा नाही, म्हणून ते दोनदा उलटून पाहिलं.

तुमच्या वॉर्डातल्या रक्ताच्या नळ्या आमच्याच लॅबमध्ये येतात. तुझ्या डॉक्टरांना वाटतं, ही उदासी गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीच्या सुस्तीमुळे असेल. ग्रंथीला कामाला लावणारं एक हार्मोन असतं. इंजेक्शन देऊन ते किती उसळतं ते आम्ही मोजतो. ग्रंथी सुस्त असली की ते फारच उसळतं. त्यासाठी इंजेक्शनआधी एकदा आणि नंतर दर अर्ध्या तासाने चारदा रक्त घ्यायचं. पण तुमच्याकडचे सगळे दुसरी नळी देऊन पळ काढतात! पाच नळ्या नसतील तर आमचे सर निकालच देत नाहीत. तू तरी पाचही दे, माझी शपथ. आणि आधी बाथरूमला जाऊन ये. इंजेक्शन टोचताच घाई होते.

तुझा टिल्लू

१७ ऑगस्ट

चि. टिल्लूस अ. उ. आ.

मीही पळाले. दुसरी नळी दिली की दाराशी चहाची गाडी येते आणि ती कुणासाठी थांबत नाही. दीड महिन्यात आपण होऊन उठले ती त्या चहासाठी. तुमच्या लॅबमध्ये हे कुणाच्याच लक्षात आलं नाही?

माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी कोटाला पंधरा मापं घेई. मी दोन घेते, बाकीचं कापडावर कळतं. ज्यांनी पाचही नळ्या दिल्या, त्यांच्या शेवटच्या तीन नळ्यांनी कधी काही वेगळं सांगितलं का, तेवढं बघ. दमले.

मावशी

२ सप्टेंबर

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

जुनं रजिस्टर काढलं. पाचही नळ्या देणारे सेहेचाळीस निघाले. एकाचाही निकाल शेवटच्या तीन नळ्यांनी बदलला नव्हता! अर्ध्या तासाचीच नळी सगळं सांगून मोकळी झालेली. सरांनी तीन दिवस स्वतः पडताळलं आणि मग मला म्हणाले की, त्यांना हा संशय पहिल्यापासून होताच. आता आमच्याकडे दोनच नळ्या.

तुझ्याही दोन नळ्या पुरल्या. ग्रंथी सुस्त आहे, मावशी. डॉक्टर गोळी सुरू करतील. गुण यायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर धर. मला तू पूर्वीसारखी हवी आहेस.

टिल्लू

२० ऑक्टोबर

चि. टिल्लूस अ. उ. आ.

धीर धर म्हणे! तुझी पहिली चड्डी मी शिवली आणि तू मला धीर शिकवतोस. अक्षर सुधार. मागच्या फोटोत तुझ्या शर्टाची कॉलर वर आलेली आहे, तो शर्ट इकडे पाठवून दे.

गोळी चालू आहे. सकाळी जाग येते आणि उठावंसं वाटतं. इथल्या डॉक्टरांच्या कोटाचा डावा खांदा उतरलेला आहे. रोज राउंडला तो बघून जीव नुसता तडफडायचा, शेवटी काल त्यांना कोट काढायला लावला. दोन मापं घेतली. मग त्यांनी सिस्टरला खूण केली, तिने कुलूप काढलं आणि कात्री माझ्या हातात दिली. बोटं कड्यांत बसली आणि मला रडू आलं. टिल्लू, कितीतरी महिन्यांनी मला माहीत होतं की मी का रडते आहे.

सिस्टर माझ्या हातांवर नजर ठेवून शेजारीच बसली होती. खांदा बसवून झाला, तेव्हा तिने हळूच आपला एप्रन काढून पुढे केला. खिसा फाटला होता.

लोभाचा टाका घट्ट असू दे.

तुझी मावशी