दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न

लेअर, मंगळवार

प्रिय हेनिंग,

घटस्फोटानंतर तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. फोनवर तू "सगळं छान चाललंय" म्हणतोस, मी "बरं" म्हणते, आणि तिथेच संपतं. पत्रात मला कुणी मध्येच थांबवणार नाही. हे मी टोम्केसाठी लिहिते आहे की माझंच खरं ठरावं म्हणून, असं स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर पुरतं स्वच्छ आलं नाही. पण शनिवारच्या आत हे तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून लिहायला बसले.

आधी आपल्या लेकीची, टोम्केची खबर. एबर्सवाल्डेच्या कॉलेजात ती रमली आहे. लाकडाचं शिकायला आलेल्यांना तिथे सगळे विचारतात, घरी कुणी सुतार आहे का, आणि मग ही तुझ्या वर्कशॉपबद्दल सांगत सुटते. ताज्या कापलेल्या तुकड्यांच्या नुसत्या वासावरून झाड ओळखायची त्यांच्यात पैज लागली होती. ती जिंकली. ते तिला कुणी शिकवलं, हे मी सांगायला नको. तरीही हे सत्र संपलं की शिक्षण सोडायचं तिने ठरवलं आहे. "मी आपली बँकेत उमेदवारी करते, आई. तिथे शिकताना पगार तरी मिळतो," असं म्हणाली, आणि तेही अगदी शांतपणे.

सरकारी शिक्षणमदतीचा निकाल डिसेंबरात लागला, तो तुला माहीत आहे. हातात पडलं ते जवळजवळ काहीच नाही. माझी अर्ध्या दिवसाची अभिलेखागारातली नोकरी कुठे आडवी आली नाही. आडवं आलं तुझं उत्पन्न. ते लोक आजचं बघत नाहीत, दोन वर्षांपूर्वीचं बघतात, आणि त्या वर्षी तू बेटावरच्या हॉटेलचे सगळे पलंग आणि कपाटं केली होतीस. तुझा कागद तू अगदी वेळेवर पाठवलास. त्यावरून ते धरून चालले, की बाकीचा खर्च वडील उचलतील. सुरुवातीचे दोन महिने तू उचललासही. मग थांबलास. आता ती संध्याकाळी एका हॉटेलात भांडी घासते, आणि सकाळच्या प्रात्यक्षिकांना डोळे उघडत नाहीत.

ख्रिसमसला ती तुझ्याकडून लवकर परत आली. वर्कशॉप बघायला जाऊ असं तिने म्हटलं, तर तू म्हणालास, तिथे फार थंडी आहे, आणि विषय नव्या व्हॅनवर नेलास. "चहाच्या पहिल्याच कपात चमचा ठेवला आणि उठले," असं तिने मला सांगितलं. तिसऱ्या कपाच्या आधी चमचा ठेवून 'पुरे' म्हणणं म्हणजे आपल्याकडे दार आपटून जाण्यासारखंच. तुझ्या आईने तर महिनाभर अबोला धरला असता.

मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा मदत-कार्यालयातही सोबत गेले. तिथल्या विशमनबाई भल्या आहेत. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. वडील द्यायला हवं ते देत नसतील, तर कार्यालय आधी आपण देतं आणि मग वडिलांकडून वसूल करतं. किंवा वडिलांचं उत्पन्न दोन वर्षांत खूप घटलं असेल, तर वेगळा अर्ज करायचा, म्हणजे चालू वर्षाचं धरतात. "घटलंय का तसं काही?" त्यांनी विचारलं.

टोम्के हसली. "घटतंय कसलं. नवी व्हॅन कुठल्या रंगाची घ्यावी, या काळजीत आहे आमचा बाबा."

विशमनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हातमोजे चढवत बसले.

तिने पहिला अर्ज घेतला, वसुलीचा. बाहेर आल्यावर म्हणाली, "पाठीमागून नाही देणार. आधी बाबाला तोंडावर सांगणार, मग देणार." शनिवारी दुपारच्या गाडीने येते आहे आणि स्टेशनवरून थेट वर्कशॉपवर जाणार आहे. तो अर्ज गेला, तर कार्यालय तुझ्यामागे लागेल, आणि मुलगी बापाकडून नसलेले पैसे वसूल करायला निघालेली असेल.

हो, नसलेले. मला माहीत आहे.

जानेवारीत मी टोम्केच्या खोलीतल्या शेल्फसाठी फळ्या कापून घ्यायला एम्डेनच्या बांधकाम-सामानाच्या दुकानात गेले होते. मागच्या बाजूला, कापायच्या मशीनपाशी, हिरव्या एप्रनमध्ये तू होतास. एक म्हातारं जोडपं खिडकीचं चुकीचं माप घेऊन आलं होतं. तू त्यांचा कागद उलटा केलास, नव्याने आकृती काढलीस आणि समजावून सांगू लागलास, अगदी टोम्के लहान असताना तिला सांगायचास तसं. मी रंगांच्या डब्यांआड थोडी उभी राहिले आणि फळ्या न घेताच निघाले. परतताना मुद्दाम तुझ्या गावावरून आले. वर्कशॉपच्या खिडक्यांना आतून कागद लावलेला होता आणि दारावरची पाटी नव्हती.

तिला सांगून टाकावं, असं कितीदा वाटलं. पण ते माझ्या तोंडून गेलं असतं, तर तिला तुझी कीव आली असती. मग तो दुसरा अर्ज गुपचूप करता येईल का, हे विशमनबाईंना फोन करून विचारलं. नाही येत. तुझे आकडे तू परस्पर पाठवू शकतोस, आणि ते गुप्त का ठेवायचे हे कळवलंस, तर निकालपत्रातही छापत नाहीत. पण अर्ज टोम्केचाच लागतो. वडिलांचं उत्पन्न घटलं आहे, हे तिलाच लिहून द्यावं लागतं. म्हणजे तिला कळल्याशिवाय हे होणारच नाही, आणि कळवायचं तर ते तूच. हे पत्र त्यासाठी आहे. तुझ्याकडे पैसे असूनही तू देत नाहीस, असं तिला वाटतं. राग आहे तो एवढाच. नाहीत म्हणून देत नाहीस, हे कळलं तर ती तुझ्याकडे तिसरा कपही घेईल.

तेव्हा शनिवारी खिडक्यांवरचा कागद काढू नकोस. तू आत थांब आणि दार उघड. दुसरा अर्ज कोरा सोबत ठेवला आहे. शेल्फचं माप या पानामागे आहे, चार फळ्या. तिला घेऊन एम्डेनला जा आणि त्या मशीनवर तूच कापून दे. परतीच्या गाडीत त्या कशा न्यायच्या, ते तिचं ती बघेल.

अजूनही तुझ्याच बाजूची,
गेशे