गाडी किती खाली घ्यावी

आप्पा, गेले चार महिने मला एक साधी गोष्ट ठरवता येत नाही आणि ती नेमकी तुमच्याच धंद्यातली आहे, म्हणून लिहायला बसले. मी गाडी घेतली आहे. तुम्ही गेलात तेव्हा माझ्याकडे स्कूटर होती. आता दोन दारांची, बसकी, मागं नावापुरतं बाक असलेली स्पोर्ट्स कार आहे, गोव्यातल्या एका डॉक्टरांनी पाच वर्षं वापरलेली. सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईमाणसानं असली गाडी घ्यावी का, असं विचारणारे इथं खासबागेत पुष्कळ आहेत. मी उत्तर देत नाही. रोज सकाळी घरातून निघते, हायवेला लागते, संकेश्वर मागं टाकते, तवंदीच्या घाटातून निपाणीत उतरते आणि पॉलिटेक्निकात मेकॅनिकलच्या मुलांना शिकवते. संध्याकाळी तोच रस्ता उलटा. निपाणीत हायवेला लागून तुमचं ट्रकांच्या स्प्रिंगपाट्यांचं, कमानीचं दुकान होतं तिथून आता सर्व्हिस रोड जातो, भट्टीची जागा नेमकी कुठली हे मला आता सांगता येत नाही. स्प्रिंगवर किती भार टाकला तर ती किती दबेल, हे गणित मी वीस वर्षं फळ्यावर मांडते आहे. आणि स्वतःच्या गाडीत कुठली स्प्रिंग घालावी ते मला कळेना.

ही गाडी वळणावर कलते, ब्रेक मारला की नाक खाली घालते, आणि चाकाच्या वर चार बोटं मोकळी जागा दिसते ती मला बघवत नाही. म्हणून ती थोडी खाली आणायची. त्याला दोन वाटा आहेत. एक म्हणजे कंपनीच्या स्प्रिंगा काढून आखूड आणि कडक स्प्रिंगा घालायच्या, हेलकावे जिरवणारे शॉकअप तेच ठेवायचे. गाडी तीस मिलिमीटर खाली बसते आणि मग तिथंच राहते. दुसरी वाट कॉइलओव्हरची. त्यात स्प्रिंग आणि शॉकअप एकाच नळीवर येतात, नळीला आटे असतात, कडं फिरवून गाडी हवी तेवढी वर-खाली घेता येते आणि टोकाचं बटण फिरवून शॉकअप कडक किंवा मऊ करता येतो. पण ते महाग, आट्यांत चिखल बसतो, दर पावसाळ्यानंतर धुऊन तेल द्यावं लागतं. तुम्ही आयुष्यभर ट्रकांच्या कमानी तापवून, घणाखाली वाकवून, पाणी पाजून नीट केल्यात. तुम्हाला मी हे समजावून सांगते आहे याचं मलाच हसू येतं. पण हसू टिकत नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षण करताना माझ्या डोक्यात मिलिमीटर फिरतात. घरी आले की टेप घेऊन चाकाशी बसते. सकाळी हत्तरगीपर्यंत स्प्रिंगा ठरलेल्या असतात, घाट लागला की कॉइलओव्हर, कॉलेजच्या फाटकात शिरेपर्यंत दोन्ही नको.

उद्यमबागेत एक मेस्त्री आहेत, माझ्याच वयाचे, घरात कानडी आणि गिऱ्हाइकाशी मराठी बोलणारे, आईलाही ओळखणारे. ते म्हणाले, "कॉइलओव्हर ब्याड री मॅडम, नको, त्या भानगडीत पडू नका. रोज दीडशे किलोमीटर पळवतासा. स्प्रिंगा टाका आणि सुम्मनं गप विसरून जावा." मी म्हटलं, तीस मिलिमीटर जास्त झालं तर? ते म्हणाले, "जास्त झालं तर झालं. हंप आला की सावकाश जायचं." मी विचार करून सांगते म्हणून आले. आईला सांगितलं तर तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, "खाली करून काय करतीस गं? आत्ताच मला त्यात बसताना गुडघा धरावा लागतोय. आणि उठताना तू वढतीस." ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिचं खुब्याचं ऑपरेशन झालं आहे. दर शनिवारी तिला निपाणीला मावशीकडे न्यावं लागतं. मी म्हटलं, "आई, नुसतं दोन बोटांचा फरक पडंल." ती म्हणाली, "दोन बोटं तुझी न्हायत, माझी हाईत," आणि भाजी निवडत राहिली.

तिचं ते बोलणं ऐकल्यावर मी जे इतके दिवस टाळत होते ते आठवलंच. तुम्हालाही आठवत असेल. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीला घरी आलेली. आपल्या निपाणीच्या गल्लीतली पहिली इंजिनिअर होणार म्हणून लोक मला उगीचच थांबवून काहीबाही विचारतात. तुम्ही त्या दिवशी कोल्हापूरला मयतीला गेला होतात आणि मी दुकानात बसले होते. एक वडापवाला जीप घेऊन आला, निपाणीतून खेड्यांकडे माणसं भरून नेणारा. "आप्पा न्हाईत व्हय?" म्हणाला. "मागची कमान लई बसतीया. माणसं भरली की बंपर रस्त्याला लागतोय. आप्पांना किती डाव म्हणलं एक पाटा वाढवून द्या, ते ऐकंनात." घण मारणारे काका तुमच्याकडे पंधरा वर्षं होते. त्यांनी जीपकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू सांग बाय. तू शिकल्याली हाईस."

तोवर त्या दुकानात मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी वही उघडली, पेन्सिलीनं आकडे लिहिले, गुणाकार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, "घाला एक पाटा. चालतंय." आप्पा, त्या वहीत गणित नव्हतं. जीपचं वजन मला माहीत नव्हतं, पाट्याची जाडी मी मोजली नव्हती. दोन मोठी माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी होती म्हणून मी आकडे लिहिले. काकांनी तुम्हाला सगळं सांगितलं असणार, पण तुम्ही ती वही कधी मागितली नाहीत. मागितली असती तर मी काय केलं असतं, याचा विचार मी अजून करते.

तिसऱ्या दिवशी ती जीप चारच माणसं घेऊन चालली होती. कमान भरलेल्या जीपसाठी कडक झालेली, आणि जीप जवळजवळ रिकामी. एका तुटक्या मोरीवर मागचं चाक आदळलं तेव्हा कमान दबलीच नाही, सगळा दणका वर आला. मागच्या बाकावर भाजी विकून घरी निघालेली एक म्हातारी होती. ती उडाली आणि बाकाच्या लोखंडी कडेवर आदळली. मणक्याला चीर गेली. संध्याकाळी तिच्या गावची माणसं दुकानात आली तेव्हा तुम्ही ऐरणीपाशी उभे होतात. पाटा कुणी घातला, असं त्यांनी विचारलं. तुम्ही काकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणालात, "मीच घातला. माझं चुकलं." पाटा घातला त्या दिवशी तुम्ही गावात नव्हतात हे त्यांच्याबरोबर आलेल्या वडापवाल्याला ठाऊक होतं. त्यानंही ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ती जीप मागून आणलीत. मला म्हणालात, "माघारी बस." मी मागच्या बाकावर बसले. जीप रिकामी. तुम्ही तीच वाट धरलीत, त्याच वेगानं, एकदाही मागं न बघता. माझे दात एकमेकांवर आपटत होते, दोन्ही हातांनी कांब धरली तरी डोकं वर लागत होतं, आणि मोरीवर मी खरंच बाकावरून सुटले. परत दुकानासमोर आल्यावर तुम्ही इंजिन बंद केलंत. मला वाटलं आता तुम्ही ओरडणार. तुम्ही हळूच विचारलंत, "तुझ्या वहीत वजन असंल. त्यात माणूस कुठं लिवलाईस?" मी अजून कांब धरूनच होते. "उतर. पाटा काढायचाय." तो पाटा तुम्ही आणि मी मिळून काढला. त्यानंतर दोन महिने तुम्ही दर बाजारादिवशी सायकलीवरून त्या म्हातारीकडे जात होतात. एकदा मला घेऊन गेलात. ती झोपूनच होती. "ही लेक व्हय?" म्हणाली. सुनेला माझ्यासाठी चहा करायला लावला. तुम्हाला म्हणाली, "झालं ते झालं आप्पा. तुमी काय मुद्दाम केलासा व्हय?" तुम्ही मान खाली घातलीत. मी चहा प्याले. पुढं ती हिंडूफिरू लागली, पण एक हात कायम कमरेवर.

तर आईच्या त्या दोन बोटांवरून मला हे सगळं आठवलं आणि लक्षात आलं की वर्षभर ही गाडी चालवते आहे, पण तिच्या दुसऱ्या सीटवर मी एकदाही बसलेली नाही. मी मेस्त्रींकडे गेले आणि म्हटलं, तुम्ही चालवा, मी बाजूला बसते. ते म्हणाले, "काय आवाज येतोय का?" मी म्हटलं, नाही, तुम्ही चालवा. ते उद्यमबागेतून निघाले आणि वडगावच्या बाजूला वळले. तिथं गल्लीगल्लीत हंप आहेत, घराघरातून यंत्रमागांचा खडखडाट येतो, सायकली मधेच आडव्या येतात. हातात स्टिअरिंग नसलं की गाडी वेगळीच लागते. कुठला खड्डा येणार हे मला आधी कळत नव्हतं. प्रत्येक हंपानंतर गाडी एकदा बसून थांबायला हवी ती तीनदा-चारदा हेलकावत होती आणि त्याबरोबर मीही. आई दर शनिवारी हे सोसत होती आणि गुडघ्याशिवाय कशाबद्दल बोलली नव्हती. मेस्त्रींनी गाडी कडेला घेतली, उतरून पुढच्या चाकात हात घातला, बोटं तेलकट झाली ती मला दाखवली. "शॉकअप संपल्यात मॅडम. चारी गळाल्यात. तुमी चार महिनं नुसती उंची मोजत बसलासा." मी विचारलं, यावर तुमच्या त्या स्प्रिंगा घातल्या असत्या तर? त्यांनी बोटं फडक्याला पुसली. "तर मग आईंना घिऊन येऊ नका म्हणून सांगितलं असतं मी," म्हणाले, आणि थोडे ओशाळले, कारण स्प्रिंगा सुचवताना त्यांनी ते सांगितलं नव्हतं.

शॉकअप बदलायचेच होते. मी तिथंच उभी राहून कॉइलओव्हर सांगितले. मेस्त्रींना वाटलं, मला गाडी अजून खाली हवी आहे. तसं नव्हतं. चुकलं तर कडं फिरवून परत वर घेता येईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. जे बसवलं ते सोडवता येत नाही असं काही घालायला माझं मन धजत नव्हतं. गेल्या आठवड्यात ते बसवले. पंधरा मिलिमीटर खाली घेतली, बटणं मऊच्या बाजूला ठेवली. मेस्त्री म्हणाले, "एवढ्यासाठी एवढं?" मी व्हय म्हटलं. चाकावरची चार बोटं आता तीन झाली आहेत आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

शनिवारी आईला घेऊन निपाणीला गेले. दार उघडून तिला आधी बसवलं, मग पाय आत घेतले, सीट मागं सरकवली. हत्तरगीच्या टोलनाक्यापर्यंत ती झोपी गेली होती. या गाडीत ती आधी कधी झोपली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. घाट उतरताना मी वळणं इतकी हळू घेतली की मागचा ट्रकवाला वैतागला. मावशीच्या दारात उतरताना आईनं माझा हात धरला नाही, दाराची कड धरून उठली आणि म्हणाली, "आता बरी झाली गं गाडी." मी तिला काही सांगितलं नाही, ना शॉकअपचं, ना जीपचं. जीपचं तिला तुम्हीही कधी सांगितलं नव्हतं, असा माझा अंदाज आहे.

एवढं लिहून मी थांबायला हवं होतं. पण खोटं वाटेल, म्हणून उरलेलंही लिहिते. सोमवारी सकाळी निघायच्या आधी मी पुढचं बॉनेट उघडलं, मागची डिकी उघडली आणि चारी बटणं सहा-सहा खाचा फिरवून कडक केली. तवंदीच्या घाटात गाडी कललीच नाही. कॉलेजात पोचेपर्यंत पाठ दुखत होती आणि मी खुशीत होते. शुक्रवारी संध्याकाळी ती पुन्हा मऊ करीन, विसरणार नाही, त्यासाठी फोनमध्ये आठवण लावून ठेवली आहे. हे पत्र कुणाला दाखवणार नाही, आईला तर नाहीच. आई शेजारी नसते तेव्हा मला ती कडकच आवडते, आप्पा.