क दर्जाची घरं

९ जानेवारी १९८९, पळसटोला

बस नाल्याजवळच बंद पडली! तीन किलोमीटर चालत आलो, मी आणि माझे आठ विद्यार्थी. वडशापासून सगळ्यांची अंगं धुळीनं माखलेली.

ऑगस्टमध्ये बिहारात भूकंप झाला, तेव्हापासून मीच हट्ट धरला होता. आर्किटेक्चरच्या मुलांना जुन्या गावांतली घरं तपासता आली पाहिजेत. कॉलेजात हसले सगळे. ‘आपल्याकडे कुठले भूकंप, मॅडम!’ हसू देत.

१० जानेवारी

भिंतीची जाडी, तडे, छपराचं वजन, कोपऱ्यांची बांधणी. मग दर्जा — अ, ब किंवा क. क म्हणजे धक्का बसला तर घर राहणार नाही. दुपारपर्यंत चौदा घरं, त्यातली नऊ क. तक्ते भरले म्हणून मुलं खूश. मीही.

केसरबाई एकट्या राहतात. घर पणज्याच्या वेळचं. मातीची भिंत दीड हात जाड, पण कोपऱ्यात सुटलेली. वर माळा, माळ्यावर धानाची पोती. विद्यार्थ्यांपैकी गुणवंतनं क लिहिला. सादिक मात्र मागच्या सांदवाडीतली, म्हणजे परसातली, कुडाची खोली मोजत बसला. मी ओरडले, “ते जुनं नाही, सोड!” त्याचे दोन गुणही कापले.

निघताना केसरबाईंनी मला थांबवलं.

“बाई, हे पोट्टे म्हनतात का माहा घर पडंल. मंग मले सांगा, मी कोन्या कोपऱ्यात झोपू?”

आमच्या तक्त्यात तो रकानाच नाही.

११ जानेवारी

सकाळी सादिकला विचारलं, “ती खोली मोजलीस?” त्यानं वही पुढे केली. मी नको म्हटल्यावरही मोजली होती! बांबूचा कूड, वर मातीचा लेप, हलकं गवताचं छप्पर.

“हलते, मॅडम, पण पडत नाही. पडली तरी माणूस दबत नाही.” त्याचे अब्बा अहेरीला मिस्त्री आहेत. हे त्यानं पुस्तकात वाचलेलं नाही.

सगळ्यांसमोर म्हणाले — मी चुकले. गुण परत दिले. जड गेलं.

मग नऊही घरी पुन्हा गेलो. कोण कुठे झोपतं, दार कुठे उघडतं, डोक्यावर काय ठेवलंय. दिवस गेला. केसरबाईंना कुडाची खोली दाखवली तर हसल्या. “तिथी तं बकऱ्या बांधतो मी!” मग गुणवंतला म्हणाल्या, “पाह्यतं काय? बाज उचल. अन् पोते बी खाली घे.”

१२ जानेवारी

परत नागपूर.

१६ जानेवारी

अख्तरी आली. पळसटोल्याला आली होती तीच, मुलींच्या वसतिगृहात राहते. हातात कोरा तक्ता. “मॅडम, आमची इमारत बघायची?”

गेलो. ब्रिटिशांच्या काळची इमारत. चुन्यात जीव उरलेला नाही, बोट लावलं की गळतो. वर नवी काँक्रीटची टाकी! तिच्याखाली बत्तीस मुली झोपतात.

१८ जानेवारी

प्राचार्यांना वसतिगृहाचा अहवाल दिला, दर्जा क. ते म्हणाले, “अहवाल कपाटात ठेवा, परीक्षेनंतर पाहू. मुलींना हलवायचं नाही.”

दुपारी बत्तीस गाद्या वर्कशॉपच्या हलक्या, पत्र्याच्या शेडमध्ये नेल्या. पहिली मी उचलली. पाच वाजता माझ्या निलंबनाचं पत्र आलं.