फणसाखालची वाट आणि माझा घोटा

१२ ऑगस्ट १९६१, महाड, दवाखाना
डावा घोटा मोडला. प्लास्टर. आमच्या आणि महिपतीच्या घरांमधल्या फणसाखालच्या वाटेवर शेवाळावरून घसरलो. फणस माझ्या वडिलांनी लावलेला, म्हणजे वाट माझीच. तसा कोर्टात दावा चालू आहे. भावकीतला हा महिपती मला डोलीत घालून पोलादपूरला घेऊन आला, एसटीत बसवलं, वर चहा पाजला. गोड बोलून गप्प करायची धडपड, दुसरं काय! चहा प्यायलो.

१५ ऑगस्ट
शेजारच्या खाटेवर कशेडी घाटात आपटलेला ट्रक-क्लीनर आहे. म्हणतो, मुंबईत कुणाच्या जिन्यावर घसरून पडलं तर मालकाकडून भरपाई मिळते. आमच्या गावात एकालाही हे ज्ञान नाही. संकल्प: महिपतीवर केस.

२ सप्टेंबर
जमिनीच्या दाव्याचा वकील अगदीच थंड. भरपाईसाठी नवा धरला. त्याने विचारलं, पडलात ती जागा कुणाची? बिनदिक्कत सांगितलं, महिपतीची. दाव्यात शपथेवर तसं लिहूनही दिलं. जुन्या दाव्याचं बोललो नाही. वकिलाला एका वेळी एकच गोष्ट झेपते.

३ सप्टेंबर
बायकोला सांगितलं. तुळजा म्हणाली, "अवो, वाट आपली हाय म्हून तुमीच भांडताव ना?" म्हटलं, जमिनीच्या केसमध्ये आपली, घोट्याच्या केसमध्ये त्याची. बाईमाणसाला कायदा समजावणं कठीण. ती नाचणी पाखडत राहिली.

१० नोव्हेंबर
प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणतो, चालायला लागा. शहाणाच आहे! कोर्टाला लंगडा माणूस दिसायला हवा. निकालापर्यंत काठी सोडायची नाही. भरपाई आली की फणसाखाली सिमेंटचा कट्टा बांधायचा आणि संध्याकाळी महिपतीच्या दाराकडे पाय करून बसायचं.

४ फेब्रुवारी १९६२
जज्ज रजेवर. एसटी स्टँडपासून लंगडत गेलो ते फुकट.

१८ जून १९६३
आज महिपतीची साक्ष. माझ्या वकिलाने जोरात विचारलं, शेवाळ का काढलं नाही? तो गावंढळ शांतपणे म्हणाला, "काढीत व्हतो साहेब, दरसाल. मंग यांनीच मनाई हुकूम आनला, वाटंचा दगड शिवायचा नाय म्हून." हुकूम वाचला गेला. पडायच्या आधीच्या उन्हाळ्यात मीच आणलेला, गावात पेढे वाटून. वकील माझ्याकडे बघतच राहिला. फी घेताना असा बघत नव्हता.

२ जुलै
भरपाई नामंजूर. शिवाय वाट महिपतीची असं मी शपथेवर सांगितलेलं, म्हणून जमिनीचा दावाही गेला. मनाई हुकूम उठला. कायदाच अडाणी. अपील करणार. तुळजा म्हणाली, घरात अपिलाचं नाव काढायचं नाही. ओरडली असती तर बरं होतं. वडिलांचा फणस गेला. जेवण गेलं नाही.

९ जुलै
पाऊस. तंबाखू संपली. दुकानाला जायला दुसरी वाट नाही. महिपती ओणवा होऊन दगडांवरचं शेवाळ खरवडत होता, त्याची बायको ठकूबाई मागून राख टाकत होती. मान खाली घालून निघालो होतो, तर त्याने हात धरला. "जपून चाल, दादा. वाट आता माझी हाय. पडलास तं मला भरायला लागंल."
ठकूबाई तोंडाला पदर लावून हसली.
काठी टेकत उतरलो. पाय एकदाही घसरला नाही.