बाबांच्या अंगातली जवसाची चटणी

७ जानेवारी २०२५, मंगळवार

देऊळघाट. नमुने शून्य. पीएचडीच्या अभ्यासासाठी सकाळी नऊपासून समाजमंदिरात टेबल मांडून बसले होते — सुया, बर्फाचा डबा, फॉर्मचा गठ्ठा. बाया आल्या, बघून गेल्या. रक्त द्यायला कोणाची ना नाही. पण पोटाच्या कातडीखालची चिमूटभर चरबी म्हटलं की सगळ्या मागे सरकतात. कलाबाईंनी सगळ्यांच्या वतीनं विचारलं, "रगत घे ना बाई. चरबी काऊन पाह्यजे तुले?"

समजावलं. आपण जे तेल-तूप खातो तेच अंगातल्या चरबीत जाऊन बसतं. रक्तात गेल्या तीन-चार महिन्यांचं खाणं दिसतं, चरबीत दोन-तीन वर्षांचं. कलाबाई म्हणाल्या, "मंग तं सारंच निंघन." आणि उठून गेल्या.

परवा बाबांना सोबत न्यावं. ऑगस्टमध्ये मी त्यांना माझ्याकडे बुलढाण्याला आणलं, पण त्यांचा जन्म देऊळघाटात गेला. गाव त्यांचं ऐकतं.

९ जानेवारी, गुरुवार

चोवीस नमुने! बाबा पहाटे पाचलाच दाढी करून तयार. सगळ्यांसमोर सदरा वर केला आणि आडवे झाले. "मुंगी चावली," एवढंच म्हणाले. मग रांग लागली. त्यामुळे बाबा नमुना क्रमांक एक.

त्यांचा फॉर्म मीच भरला, देऊळघाटच्या घराचा. घरात तेल कोणतं? सोयाबीनचं, पाकिटातलं. घरात तूप? नाई. घरात जवस? घरात नाई. ते मलाही माहीत होतं. आईला जवसाचा वास सहन होत नसे. तिला जाऊन पाच वर्षं झाली, तरी त्या घरात जवस आला नाही. रांगेतल्या बाकीच्यांचे फॉर्म राहिले होते, म्हणून घाईनं सही घेतली.

आमच्या गल्लीतल्या पंचफुलाकाकूही आल्या. नवरा कधीच वारला, एकट्या राहतात. बाबांना बघून म्हणाल्या, "वाळले तुमी." परतीच्या गाडीत बाबा मागे वळून गावाकडे बघत होते.

१२ जानेवारी, रविवार

काकूंचं खरं आहे. बाबांना वजनकाट्यावर उभं केलं — ऑगस्टमध्ये अठ्ठावन्न किलो, आज त्रेपन्न. मी करडईचं तेल चमच्यानं मोजून घालते, दोन भाज्या करते. डॉक्टरांना रोग सापडत नाही. "इथं करमत नसेल," म्हणाले. गॅलरीत खुर्ची आणून दिली आहे. तीत बसतात.

अन्नशास्त्रात पीएचडी करणाऱ्या बाईच्या घरात बाप वाळतोय. कोणाला सांगायची सोय नाही.

१३ जानेवारी

अर्धी भाकरी.

२० जानेवारी, सोमवार

नमुने नागपूरला गेले. तिथे माझ्या मार्गदर्शक सरांना फक्त क्रमांक आणि बाई की पुरुष एवढंच दिसतं. नावांची यादी माझ्या कपाटात, पाकिटात बंद. अभ्यास संपेपर्यंत उघडायची नाही असं लिहून दिलंय.

११ फेब्रुवारी

बाबांचं वजन बावन्न. मी आज ओरडले त्यांच्यावर. ताट पुढे ढकलून ते म्हणाले, "पोट भरलं, माया."

६ मार्च, गुरुवार

निकाल आले. बहुतेकांच्या चरबीत तेच ते — सोयाबीन आणि पामतेल. फॉर्मवर अर्ध्या लोकांनी करडईचं तेल लिहिलं होतं. तेवढी लपवाछपवी धरूनच चालतो आम्ही.

दोन नमुने वेगळे. एक आणि तेवीस. दोघांच्याही चरबीत जवसाचं फॅटी ॲसिड इतरांच्या चौपट. मी आकडे पुन्हा पाहिले. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, असंच वाटलं.

सरांचा फोन आला. अगदी खुशीत होते. "एक आणि तेवीस नवरा-बायको आहेत का हो? चरबी एकाच चुलीची दिसते, निदान तीन वर्षं. पण तेवीसच्या रक्तात जवस अजून आहे, एकच्या रक्तात जवळजवळ नाही. गेल्या पाच-सहा महिन्यांत त्या गृहस्थांचं जेवण बदललंय. फार सुंदर उदाहरण आहे!"

मी म्हणाले, तपासून सांगते.

७ मार्च

पाकीट उघडलं. नियमाबाहेरचं आहे, तरी उघडलं.

तेवीस — पंचफुलाकाकू.

आधी राग आला. कोणाचा, ते नीट सांगता येत नाही.

८ मार्च, शनिवार

काकूंचं नाव माझ्या तोंडून फुटू द्यायचं नव्हतं. एवढंच विचारलं — बाबा, तुम्ही जवस खात होता का?

"हो."

फॉर्म भरताना नाही म्हणालात.

"तू घरात इचारलं. घरात कुठं होता जवस?" मग आपणहूनच म्हणाले, "पंचफुलाकडं जेवत होतो. चार वर्सं. दोन्ही टायमाले. चटणी तिच्या हातची."

मला का नाही सांगितलं?

"तू गाडी घेऊन आली, सामान बांधलं. मले इचारलं कुठं? शेजारच्यायले सांगत होती, बाप एकटा पडला म्हून नेऊन राह्यली. तुले बरं वाटत होतं. मंग चूप राह्यलो."

खरं आहे. त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. गल्लीतले सगळे निरोप द्यायला आले होते. काकू आल्या नव्हत्या, हे आज आठवलं. सात महिने मी तेलाचे चमचे मोजत बसले. लाज वाटते.

सरांना कळवलं की एक आणि तेवीसची चूल एकच होती. नातं मात्र विचारू नका, असं मीच म्हणाले.

९ मार्च, रविवार

बाबांना देऊळघाटला सोडून आले. आमच्या घराचं कुलूप काढलं नाही.